चक्कीवरची बाई

होळी झाली की आमच्या चक्कीवर डाळीचं मशीन सुरू होतं. वर्षभर ते कोपऱ्यात गोणपाट पांघरून उभं असतं. यंदा सोमवारी मी ते पुसलं, पट्टा घट्ट केला, बेअरिंगला ग्रीस भरलं आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत तुरीच्या टरफलांचा तो कोरडा, उन्हात तापलेला वास मागच्या खोल्यांपर्यंत गेला. नाकात खाज आली. आणि त्याबरोबर, आपण काहीतरी चोरून करतो आहोत आणि कुणीतरी आत्ता पाहणार आहे, असं वाटलं. गेल्या वर्षापासून हा वास आला की मला असंच होतं.

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात तीन चक्क्या आहेत, पण डाळीचं मशीन आमच्याकडेच. त्यामुळे फाल्गुन-चैत्रात आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात. मोटरसायकलच्या टाकीवर आडवी टाकलेली गोणी, एसटीतून उतरवलेला पत्र्याचा डबा, एखादीच्या कडेवर पोर आणि डोक्यावर पोतं. मशीन भरडत असतं तोवर बायका ओट्यावर बसतात आणि मला विचारतात.

"माय कशी हाये वं तुही?"

"हाये."

"जेवते?"

"जेवते."

एवढंच मी सांगते. कशी जेवते ते सांगत नाही. तेवढं सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही. बी.ए. झाल्यावर मी उधारीच्या वहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. पण काही गोष्टी ओट्यावर बसून बोलता येत नाहीत.

आईची डाळ मी लहानपणापासून पाहिली. केनवडच्या पुढे चार किलोमीटरवर आमचं गाव. तूर घरात आली की आई तिला पाणी लावून ठेवायची आणि सकाळी घराच्या धाब्यावर पसरायची. तीन कडक उन्हं झाली की जातं मांडायची. खुंट्याला चिंधीची गुंडाळी घालून वरचा दगड किंचित उचललेला असे, म्हणजे दाणा फुटतो पण पिचत नाही. ती चिंधी किती जाड असावी हे आईच्या बोटांना कळायचं. मी कितीदा विचारलं तरी तिला सांगता आलं नाही. "हाताले समजते," म्हणायची. मग सुपानं पाखडायचं. टरफल एकीकडे, चुनी म्हशीला, डाळ पितळी परातीत.

निवडायचं काम माझ्याकडे. मला ते काम बिलकूल आवडायचं नाही. मी ताटातली डाळ भराभर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारायची आणि झालं म्हणून उठायची. आई ताट घेऊन एकदा बोट फिरवायची. खडा सापडला की तो माझ्या तळहातावर ठेवायची आणि ताट परत माझ्यासमोर. ओरडणं नाही, धपाटा नाही. मला तेव्हा वाटायचं, एक धपाटा घालून मोकळी का होत नाही ही बाई.

माझं लग्न झाल्यावर दर चैत्रात डाळीचा डबा मालेगावला यायचा. कधी कंडक्टरच्या हाती, कधी आई स्वतः घेऊन. मात्र आई आमच्याकडे आली तरी माझी थोरली मुलगी होईपर्यंत तिनं या घरचं पाणी घेतलं नाही. जुन्या बायकांची रीतच होती ती, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. मुलगी झाली, रीत संपली, तरी आईची पुरती मोडली नाही. ती यायची, पदर खोचायची, काहीतरी काम हातात घ्यायची. भांडी घास, गोधडी शिव, मेथी निवड. मग ताटावर बसायची. "लेकीच्या घरचं फुकट खात नाही मी," असं हसत म्हणायची. मी म्हणायचे, "हे काय दुकान हाये काय?" तीही हसायची, मीही हसायचे. ते तेव्हा गमतीचं होतं.

वडील गेल्यावर चार वर्षं ती गावात एकटी राहिली. मग एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला. माय रिकामा डबा घेऊन फाट्यावर उभी आहे आणि येईल त्या गाडीवाल्याला म्हणते आहे, नंदीले डाळ नेऊन द्यायची हाये. नंदी म्हणजे मी, नंदा. डब्यात डाळ नव्हती आणि महिना श्रावणाचा होता. मी त्याच दिवशी तिला घेऊन आले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं.

त्यानंतर तिच्यातून एकेक गोष्ट जात गेली. वडील वारल्याचं गेलं. माझ्या मुलींची नावं गेली. पुण्याला असलेला माझा भाऊ संजू कोण, हे कधी आठवायचं, कधी नाही. पण लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, हे गेलं नाही. बाकी सगळं पुसलं गेल्यावर ते जास्तच ठळक झालं. ताट समोर ठेवलं की ती ते हातानं बाजूला सारायची, लुगड्याचं गाठोडं काखेत धरायची आणि म्हणायची, "येतो मी. लय दिवस झाले."

"कुठं जातं?"

"घरी."

"जेवून जाय."

"कायले? मी काय केलं इथं जेवाले?"

आल्यानंतरचे पहिले दोन दिवस ती चहावर राहिली. तिसऱ्या दिवशी मी झाडू दिला. झाडत झाडत ती थेट वाशीमच्या रस्त्यापर्यंत गेली. भांडी दिली तर तेच पातेलं दुपारभर घासत बसली आणि बोटं सोलून घेतली. डॉक्टर म्हणाले होते, काहीतरी बसून करायचं काम देत जा. मग मला डाळ आठवली. ताटभर डाळ दिली. तासभरात तिनं निवडून दिली, हात धुतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वाढ."

त्या दिवशी दीड भाकर खाल्ली. मी इतकी खूश झाले की यांच्या शाळेत फोन केला. हे जऊळक्याजवळच्या एका शाळेत मास्तर आहेत. वर्गातून बाहेर येऊन यांनी फोन घेतला, ऐकलं आणि म्हणाले, "मग रोज दे."

रोज द्यायला रोज घाण डाळ कुठून आणायची? आमच्या मशीनची डाळ स्वच्छ निघते. दुसऱ्या दिवशी ताटात निवडायला काहीच नव्हतं. आईनं दोनदा बोट फिरवलं आणि ताट मला परत दिलं. "यात काय करू?" तिच्या चेहऱ्यावर तेव्हा, कामावर आलेल्या बाईला परत पाठवल्यावर जसं असतं, तसं काहीतरी होतं. जेवली नाही.

मग मी डोकं चालवलं. तीन वाट्या तुरीची डाळ, एक वाटी हिरवे मूग आणि अंगणातले नऊ बारीक खडे, गरम पाण्यानं धुतलेले. हे सगळं ताटात एकत्र. आई सकाळी दहाला बसायची, डाळ वेगळी, मूग वेगळे, खडे झाकणीत, आणि साडेअकरापर्यंत सगळं निवडून जेवायची. मग दोनला झोपायची. तीनच्या सुमाराला मी मागच्या खोलीत जाऊन ते सगळं पुन्हा एकत्र करायची, खडे मोजून, आणि डबा वर ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ताट. तीच डाळ, तेच मूग, तेच नऊ खडे. दीड वर्ष.

हे लिहिताना मला अजूनही माझी बाजू मांडावीशी वाटते. तिला काही आठवत नव्हतं. तिला काम मिळत होतं, ती जेवत होती, वजन दोन किलोनं वाढलं होतं. संजू व्हिडिओ कॉलवर तिला निवडताना पाहायचा आणि म्हणायचा, "ताई, भारी आयडिया केली तू. माय किती खुश दिसून राह्यली." हे सगळं खरं आहे. तरी डबा वर ठेवताना मी दार लोटून घ्यायची. ज्यात काही वावगं नाही ते काम माणूस दार लोटून करत नाही.

कधी कधी डाळ ओतताना मला तिचा सकाळचा हात दिसायचा. मूग उचलताना तिची तर्जनी आणि अंगठा अगदी जवळ यायचे, चिमणी टिपते तसे. निवडून झालं की ती ढिगाच्या कडा तळहातानं नीट करायची. कडा नीट करायची काही गरज नव्हती. मी तिची ती नीट केलेली कड एका झटक्यात मोडायची, कारण बाहेर गिऱ्हाईक थांबलेलं असायचं.

गिऱ्हाइकांत एक शेवंताबाई आहेत. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाहीत. गेल्या वर्षी याच दिवसांत त्या तूर घेऊन आल्या होत्या. आई ओट्यावर ताट घेऊन बसली होती.

"काय वं नंदा," त्या म्हणाल्या, "मायले मजुरीले लावलं काय?"

ओट्यावरच्या चारपाच जणी हसल्या. मशीन सुरू होतं, माझ्या हातात चाळण होती, दोन गोण्या रांगेत होत्या. मी म्हणाले, "हाव. जेवणावर ठेवली हाये."

सगळ्या आणखी हसल्या. आईही हसली. मला वाटलं, तिला काय कळतंय.

त्यानंतर आठवडाभरातच खडा हरवला. दुपारी तीन वाजता झाकणीतले खडे मोजले तर आठ. पुन्हा मोजले, आठच. ताट पाहिलं, चटई झटकली, डाळीतून हात फिरवला. आई खाटेवर पडली होती आणि तिचं तोंड हलत होतं. ते तसंही हलायचं, दात नसल्यामुळे. पण तेव्हा मला तो विचार सुचला नाही. मी तिला उठवलं नाही, सांगितलं नाही, विचारलं नाही. डाव्या हातानं हनुवटी धरली आणि उजव्या हाताचं बोट तोंडात घालून गालाच्या आत, जिभेखाली, सगळीकडे फिरवलं. दहा वर्षांपूर्वी वासराच्या घशात अडकलेलं प्लास्टिक मी असंच काढलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही हात इतका घाईत नव्हता. आई ओरडली नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राहिली. माझं नख तिच्या हिरडीला लागलं आणि बोटावर थोडं रक्त आलं.

तोंडात खडा नव्हता. तो तिच्या पदराच्या गाठीत निघाला. काळा, गुळगुळीत, लिंबाच्या बीपेक्षा थोडा मोठा. बहुतेक आवडला म्हणून तिनं ठेवला होता. मी तो काढून घेतला. वर तिलाच म्हणाले, "असं काहून करतं तू? माहा जीव गेला असता." जीव माझा, असं मी म्हणाले.

संध्याकाळी भरवायला ताट घेऊन गेले तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ नीट निवडली, हात धुतले, आणि मी घास पुढे केल्यावर पुन्हा ओठ मिटले. काम केलं होतं, जेवणाचा हक्क होता, तरी जेवेना. यांच्या हातून दोन घास घ्यायची, मुलीच्या हातून एक. माझ्या हातून नाही. हे शाळेत, धाकटी कॉलेजात, थोरली सासरी. दिवसभर घरात मीच. पाच दिवसांत तिचे हात सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गाठोडं मात्र तिनं मागितलं नाही. जायचंही म्हणाली नाही. नुसती बघायची, मी दारात आले की आधी माझ्या हाताकडे.

मग ती दुपार आली. डाळीच्या हंगामात मी डोक्याला आणि तोंडाला सुती दुपट्टा गुंडाळून ठेवते, नाहीतर धुराळा छातीत बसतो. फक्त डोळे उघडे. भुवयांवरही टरफलाची पिवळट भुकटी. तीन वाजले होते, मशीन सुरू होतं, आई झोपली होती. मी तशीच मागे गेले, डबा काढला, डाळ ताटात ओतली, तिच्यावर मूग आणि खडे ओतले आणि हातानं कालवायला लागले. तेवढ्यात लाइन गेली.

चक्कीच्या घरात राहणाऱ्या माणसाला मशीनच्या आवाजात झोप लागते. आवाज थांबला की जाग येते. मशीन घरघरत थांबलं, पंखा थांबला, आणि मागून आईचा आवाज आला.

"काय केलं वं हे?"

मी वळले. ती खाटेवर उठून बसली होती आणि ताटाकडे पाहत होती. पिवळ्यात हिरवं पूर्ण मिसळलेलं. माझे दोन्ही हात त्यात मनगटापर्यंत. दीड वर्ष ज्याची भीती होती ते झालं होतं.

आई खाटेवरून उतरली. भिंतीला धरून माझ्याजवळ आली, जमिनीवर बसली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "सांडलं काय तुह्या हातून?"

मी हो म्हणून मान हलवली.

"चक्कीवरची ना तू? ते पोतं उचलते ती?"

मी पुन्हा मान हलवली. आमच्याकडे पोतं उचलायला कुणी बाई नाही. मीच उचलते.

"भेऊ नोको," ती म्हणाली. "ती आत्ता नाही घरात. माही पोरगी. लय तामसी हाये ती. तिनं पाह्यलं तर तुले बोलन. ती यायच्या आत निवडून घेऊ दोघी. बस."

मी बसले. तिनं ताट आमच्या मध्ये ओढलं. तिची बोटं चालू लागली, चिमणीसारखी. माझी चालेनात. बाहेर ओट्यावर दोन गिऱ्हाइकं लाइनची वाट पाहत होती, त्यातल्या एकानं हाक मारली, मी ओ दिली नाही. मला आठवेना की मी शेवटची कधी आईजवळ अशी जमिनीवर बसले होते. जेवण देताना मी उभी असायची, वेणी घालताना तिच्या मागे.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "रोजी भेटते तुले?"

मी म्हणाले, "नाही, माय." आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला माय म्हणतात, त्यामुळे मला हाक बदलावी लागली नाही.

"मंग?"

"जेवणावर हाये."

"मी बी," आई म्हणाली.

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. दोन कामवाल्या एकमेकींना सांगतात तसं सांगितलं. मग पदराच्या गाठीवर बोट ठेवून म्हणाली, "माह्यापाशी एक खडा व्हता. चांगला. तिनं घेतला."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "मारते काय तुमाले पोरगी?"

तिनं पाचसहा मूग वेगळे काढले. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "तोंडात बोट घालते."

लाइन आली. मशीन आपोआप सुरू झालं, कारण मी उठून बटण बंद केलं नव्हतं. ते रिकामंच फिरत होतं. रिकामं फिरलं की दगड घासतात, हे मी गिऱ्हाइकांना दहादा सांगते. मी उठले नाही. ताट पूर्ण झालं. आईनं दोन्ही ढिगांच्या कडा तळहातानं नीट केल्या, माझ्या ढिगातून एक मूग आणि एक खडा काढला, खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि ताट परत माझ्याकडे सरकवलं.

त्या संध्याकाळी मी दुपट्टा सोडला नाही. तसाच घास भरवला. तिनं तोंड उघडलं.

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. पुढे चक्कीवर आणि स्वयंपाकात मी नंदा असते, आणि आईच्या खोलीत जाताना दुपट्टा गुंडाळून चक्कीवरची बाई होते. यांनी एकदा विचारलं, "किती दिवस चालवशील हे?" मी म्हणाले, चालेल तोवर. धाकटी म्हणाली, "आई, हे किती क्यूट आहे." तिला मी फार बोलले.

क्यूट नाही ते. दुपारी आम्ही दोघी निवडायला बसायचो, त्या तासात मला माझ्याबद्दल ऐकायला मिळायचं. तिन्हीसांजेला भाजीला फोडणी देताना मी ते आठवत बसायचे. "पोरगी वाईट नाही," आई सांगायची. "घाईची हाये. सातव्या महिन्यात झाली. पोटातून बी घाईनं आली." एकदा म्हणाली, "तिच्या डाळीत खडे राहतात." एकदा म्हणाली, "रागावते माह्यावर. माहंच काही चुकलं असन." मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, माय." तर ती चक्कीवरच्या बाईला समजावू लागली, "तुले काय माईत. तू काल आली."

तो काळा खडा मी परत केला. ताटात टाकला, तिला सापडावा म्हणून. तिनं तो इतर आठांबरोबर झाकणीत टाकून दिला. आवडल्याचं ती विसरली होती. घेतल्याचं मात्र विसरली नव्हती.

पोळ्याच्या आसपास एकदा मी धीर केला. ती चांगल्या मनात होती, आम्ही निम्मं ताट निवडलं होतं. मी दुपट्टा खाली ओढला आणि म्हणाले, "माय, मी नंदी." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग नजर खाली माझ्या हातावर गेली. आणि ओठ मिटले, हळूहळू, पिशवीची नाडी ओढावी तसे. मी दुपट्टा वर केला, बाहेर गेले, अंगणात हात धुतले आणि पुन्हा आत आले.

"कुठं गेलती?" तिनं विचारलं. "ती आलती आत्ता."

"गेली ती, माय."

"बरं झालं," आई म्हणाली.

दिवाळीनंतर तिचे हात थांबले. ताट मांडीवर ठेवलं की बोटं डाळीवर नुसती पडून राहायची. मग बसणंही गेलं. आता ती खाटेवर असते, कुशीवर वळवावं लागतं, पाठीला पावडर लावावी लागते. डबा तसाच वर आहे. शेवटच्या दिवशी मिसळलेली डाळ तशीच मिसळलेली. पोरकिडा लागू नये म्हणून मी दोनदा उन्हात टाकली. शिजवावी असं मनात येतं आणि राहून जातं. मी धान्य वाया घालवणारी बाई नाही, तरी त्या डब्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम सुटलं तरी रीत सुटली नाही. ताट आणलं की ती आधी विचारते, "निवडून झालं?"

"झालं, माय."

"खडा?"

"नाही."

मग तोंड उघडते. हे दोन प्रश्न राहिले आहेत. बाकी दिवसभर ती फार बोलत नाही.

परवा तीन वाजता मी गेले. पुढे मशीन सुरू होतं, यंदाच्या पहिल्या तुरीचा वास खोलीत भरला होता. तिनं नाक वर करून तो घेतला आणि तिचा चेहरा जरा उघडल्यासारखा झाला. मी वरणात भाकर कुस्करून नेली होती. निवडून झालं का, खडा आहे का, सगळं झालं. तीन घास घेतले. चौथा पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं. त्या हातात आता इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"तू जेवली?"

"जेवन मग, माय."

"मंग कवा? ती देते का तुले?" तिनं वाटी माझ्याकडे सारली. "खाय. ती यायच्या आत खाऊन घे."

"तुमी खा अगोदर."

"खाय म्हणतो ना."

खायचं तर दुपट्टा खाली करायला हवा. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आईनं ताटावर बसलेल्या पोराकडे पाहावं तशी, घास तोंडात जाईपर्यंत नजर न हलवता. मी थोडी वळले, डाव्या हातानं दुपट्ट्याची खालची कड बोटभर उचलली आणि आतून घास तोंडात सारला. निम्मी भाकर कापडाला लागली, वरण हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. मी चावलं, गिळलं.

"बरं हाये?" तिनं विचारलं.

"बरं हाये, माय."

"मीठ नाही त्यात," आई म्हणाली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. मग तिनं दाराकडे पाहिलं आणि माझं मनगट जरा दाबलं. "पण तिले सांगू नोको."